शॉवर सोडवून, धुऊन, परत बसवताना

शॉवरची धार बारीक झाली की घरात पहिला निर्णय होतो तो नवा शॉवर आणायचा. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं अशा घरांत (पुण्याच्या कडेला वाघोली, उंड्रीसारख्या भागांत अशा सोसायट्या भरपूर आहेत) धार अडते ती बऱ्याचदा शॉवरच्या तोंडाच्या मागे कुठेतरी. हेडच्या गळ्यातल्या जाळीत, मिक्सरच्या (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या) नटातल्या वायसरपाशी, डायव्हर्टरच्या (पाणी शॉवरकडे किंवा खालच्या तोटीकडे वळवणाऱ्या भागाच्या) आत. या जागा बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे बाथरूम रोज घासलं तरी तिथे कुणाचा हात पोचत नाही. खाली एका साध्या बाथरूमचं काम ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने लिहितो आहोत: 15 लिटरचा गीझर, भिंतीवरचा मिक्सर, वर चार इंची शॉवर आणि कमोडशेजारी हेल्थ फॉसेट.

पान्हा हातात घेण्याआधी पाणी मोजायचं. 10 लिटरची बादली शॉवरखाली ठेवून फक्त थंड पाणी पूर्ण सोडायचं आणि ती भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचं. मग हेच फक्त गरम पाण्यावर. एका मिनिटात भरली तर मिनिटाला 10 लिटर, आणि आंघोळीला तेवढी धार पुरते. दोन मिनिटं लागली तर कुठेतरी अडलंय. थंड चांगलं आणि गरम बारीक असेल तर दोष शॉवरचा नाही, गीझरपासून मिक्सरपर्यंतच्या वाटेचा आहे. दोन्ही सारखीच बारीक असतील तर शॉवर हेड काढून नुसत्या आर्ममधून (हेड ज्यावर बसतं तो भिंतीतून आलेला पाइप) येणारं पाणी परत मोजायचं. हेड काढल्यावर धार एकदम मोकळी झाली तर काम सोपं. नाही झाली तर डायव्हर्टर किंवा त्यामागचे भाग उघडावे लागतील.

इथे एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, म्हणजे नसत्या सफाईत दिवस जात नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब मिळतो तो उंचीचा, साधारण 10 मीटरला 1 बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकीचं पाणी शॉवरच्या वर जेमतेम 3 मीटर असतं, म्हणजे दाब 0.3 बार. तिथे आठ इंची रेन शॉवर लावला तर तो नवा कोरा असतानाही टपटपच पडणार. अशा घरात छोटं हेड लावावं किंवा प्रेशर पंप बसवावा.

सामान फार लागत नाही. दहा इंची स्क्रू पान्हा, जुनं टी-शर्टचं कापड, दोन जुने टूथब्रश, लाकडी टूथपिक, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, अर्धा इंची रबर वायसर पाच-सहा, भांडी घासायचं लिक्विड आणि 100 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. जमिनीवर बादली किंवा टब ठेवावा आणि नहाणीच्या जाळीवर फडकं टाकावं. ते फडकं विसरू नये. स्क्रू आणि छोटे वायसर नेमके जाळीतूनच जातात.

आता हेड सोडवणं. या एका पायरीत सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर. शॉवर हेड आर्मवर आट्यांनी बसलेलं असतं आणि आर्म तशाच आट्यांनी भिंतीतल्या एल्बोमध्ये (वळणाच्या सांध्यात) बसलेला असतो. दोन्ही एकाच दिशेने सुटतात. हेड क्षाराने घट्ट झालेलं असेल आणि नुसतं हेडच फिरवलं, तर अनेकदा हेड जागचं हलत नाही आणि आर्म भिंतीत फिरतो. हाताला वाटतं सुटलं, पण सुटलेला असतो तो भिंतीतला सांधा. तो परत मागे फिरवून भागत नाही, कारण आतली टेफ्लॉन टेप तोवर फाटलेली असते. म्हणून एका हाताने आर्म घट्ट धरायचा, त्यावर कापड गुंडाळून, आणि दुसऱ्या हाताने पान्ह्याने हेडचा नट फिरवायचा. नट हलत नसेल तर जोर लावू नये. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवलेलं कापड नटाभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवायचं. आट्यांतला क्षार मऊ झाला की तोच नट हलक्या हाताने सुटतो.

आर्म फिरलाच असेल, तर तो सांधा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. मिक्सरपासून शॉवरपर्यंतच्या पाइपात पाण्याचा दाब फक्त शॉवर चालू असतानाच असतो. त्यामुळे भिंतीतली गळती रोज दहा मिनिटंच होते, नंतर थांबते, आणि मागच्या खोलीतला ओलीचा डाग कशाचा ते महिनोन्‌महिने कळत नाही. तपासायला आर्मच्या तोंडावर अर्धा इंची एंड कॅप (तोंड बंद करणारी टोपी) लावायची, डायव्हर्टर शॉवरकडे करून फक्त थंड पाणी सोडायचं आणि पंधरा मिनिटं फ्लॅंजखाली, म्हणजे आर्मच्या मुळाशी भिंतीला टेकलेल्या गोल टोपीखाली, टॉर्च धरून बघायचं. जरा जरी ओल दिसली तर आर्म पूर्ण बाहेर काढून नवी टेप लावून बसवणं हाच उपाय. फ्लॅंजभोवती सिलिकॉन भरल्याने ही गळती थांबत नाही, ती भिंतीत वळते.

हेड हातात आलं की आधी गळ्यात बघायचं. वायसरच्या आत बारीक जाळी असते. तिथे रेती, गंजाचे कण, पाइपलाइनच्या कामातले सीपीव्हीसीचे (प्लास्टिक पाइपाचे) पांढरे तुकडे आणि काळ्या रबराचे तुकडे निघतात. काळे तुकडे असतील तर त्यांची नोंद ठेवावी. कुठल्या तरी होजचं किंवा वायसरचं रबर सडायला लागल्याची ती खूण आहे. जाळी टूथपिकने हळूच उचलून नळाखाली उलटी धुवायची. पुष्कळ वेळा धार इथेच परत येते.

त्यानंतर क्षार. हेडवरच्या पांढऱ्या थरात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जड पाण्यातून बसणारा दगडी क्षार. गरम पाण्याने तो जास्त वेगाने बसतो, कारण तापवल्यावर पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट फुटून कार्बोनेट होतं. दुसरी म्हणजे साबण आणि कॅल्शियम मिळून होणारी चिकट साय. या सायीवर अ‍ॅसिडचा नीट परिणाम होत नाही आणि ती खालच्या क्षारालाही झाकून ठेवते. म्हणून आधी भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात घालून ब्रशने हेड घासायचं आणि स्वच्छ धुवायचं. हे न करता थेट भिजवलेलं हेड तासाभराने काढलं तरी मध्येमध्ये पांढरंच राहतं, मग लोक ‘याला कडक अ‍ॅसिडच पाहिजे’ म्हणतात.

एक लिटर कोमट पाण्यात 40 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. कागदावरच्या हिशेबाने एवढं अ‍ॅसिड साधारण 30 ग्रॅम क्षार विरघळवतं आणि चार इंची हेडमध्ये सहसा त्याहून कमीच असतो, तेव्हा प्रमाण वाढवण्यात अर्थ नाही. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम, 40 अंशांच्या आसपास. उकळतं पाणी घेतलं तर उलट होतं: कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि त्याचाच पांढरा साका छिद्रांत बसतो. सायट्रिक नसेल तर पांढरं व्हिनेगर न पातळ करता वापरावं, त्याची ताकद जवळपास तेवढीच असते; वास मात्र घरभर होतो. भिजवण्याआधी रबराचे वायसर आणि ओ-रिंग काढून बाजूला ठेवावेत.

हेड बुडवलं की बुडबुडे यायला लागतात, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की एकतर क्षार संपला किंवा अ‍ॅसिड संपलं. अर्ध्या तासाने काढून बघायचं, पांढरं उरलं असेल तर ताजं पाणी करून आणखी अर्धा तास. रात्रभर ठेवू नये. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. अ‍ॅसिड तिथून आत शिरून निकेलला आणि पितळेला लागलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो. हेड निघतच नसेल, तर लिटरच्या दुधाची धुतलेली पिशवी याच पाण्याने अर्धी भरून हेडवर चढवायची आणि आर्मला रबर बँडने बांधायची. चार इंचांपर्यंतच्या हेडला ती जेमतेम पुरते.

मॅट काळं, सोनेरी, रोझ गोल्ड अशा रंगांच्या फिटिंगवर हा उपाय नको. त्यांना फक्त साबणाचं पाणी आणि मऊ कापड. आतली छिद्रं क्षाराने भरली असतील तर हेड उलटं धरून आत थोडं अ‍ॅसिडचं पाणी ओतावं, दहा मिनिटांत काढून टाकावं, बाहेरच्या रंगाला लागू देऊ नये.

आणि टॉयलेट साफ करायचं निळं लिक्विड किंवा बाटलीतलं ‘फरशीचं अ‍ॅसिड’ शॉवरला कधीच लावू नये. दोन्हींत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. पहिल्या वेळी नळ आरशासारखा चकाकतो, पण दोन-तीन वेळा झाल्यावर काळे ठिपके येतात, मग त्या ठिपक्यांतून हिरवट जंग. क्रोम एकदा गेलं की कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट: अ‍ॅसिड आणि ब्लीच (किंवा ब्लीचिंग पावडर) एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एकाच दिवशी दोन्ही वापरूच नयेत. जमिनीवर शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर सायट्रिकही सांभाळून. हे सगळे चुन्याचे दगड आहेत, म्हणजे आपण जो क्षार विरघळवतोय त्याच जातीचे. थेंब पडला तरी पॉलिश उडून पांढरट डाग राहतो. काम सुरू करण्याआधी फरशी भरपूर पाण्याने ओली करून ठेवली की सांडलेलं अ‍ॅसिड लगेच पातळ होतं.

भिजवून झाल्यावर छिद्रं. सिलिकॉनची मऊ टोकं असलेल्या हेडवर अंगठा जोरात फिरवला की क्षाराचे दाणे बाहेर पडतात. स्टीलच्या पत्र्याला छिद्रं असतील तर टूथपिक किंवा ब्रशचा एखादा ताठ केस. सुई किंवा सेफ्टी पिन नको, तिने छिद्राची कड वाकते आणि ती एक धार कायमची तिरकी उडते. हेड बसवण्याआधी आर्ममधून अर्धी बादली पाणी सोडून द्यायचं, सुटलेला कचरा निघून जातो.

फ्लॅंज ही बहुतेक बाथरूममधली सगळ्यात घाण जागा असते. ती आर्मवरून नुसती पुढे सरकते. मागे काळी बुरशी, साबण, कधी मुंग्यांची माती. ब्रशने खरवडून, पुसून, पंख्याच्या वाऱ्यावर सुकू द्यावी. भिंतीतलं भोक मोठं असेल तर फ्लॅंजच्या कडेने सिलिकॉन सीलंट लावावं, पण खालचा एक सेंटिमीटर मोकळा सोडावा. आत कधी गळती झालीच तर पाणी त्या फटीतून बाहेर दिसतं. पूर्ण गोल बंद केलं तर ते भिंतीच्या आत शिरतं आणि पहिली बातमी मिळते ती शेजारच्या कपाटामागच्या बुरशीतून.

परत बसवताना आर्मच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, ताणून, आठ ते दहा वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून. उलट गुंडाळली तर घट्ट करताना ती गोळा होऊन बाहेर येते. हेड हाताने बसेल तेवढं बसवून पान्ह्याने पाव फेरा, बस. बाजारातली बरीच हेड एबीएस प्लास्टिकवर क्रोम चढवलेली असतात. जास्त आवळलं तर गळ्याला चीर जाते, आणि ती चीर त्या दिवशी नाही, काही आठवड्यांनी गळायला लागते.

मिक्सरला हात लावण्याआधी गीझरचं बटण बंद, मग गीझरच्या थंड पाण्याचा कॉक बंद, मग बाथरूमचा मुख्य कॉक बंद, आणि नळ सोडून उरलेला दाब काढून टाकायचा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अडकलेला असतो. त्याला जोर लावण्याआधी गच्चीवर आपल्या लाइनीचा व्हॉल्व्ह कोणता ते शोधून ठेवावं, कारण कॉकची दांडी तुटली तर पाणी थांबवायला तेवढीच जागा उरते. खरं तर घरातले सगळे अँगल कॉक दर तीन-चार महिन्यांनी एकदा पूर्ण बंद-चालू करावेत. यात पाच मिनिटं जातात.

मिक्सर भिंतीला दोन लेगवर (भिंतीतून बाहेर आलेल्या जोडांवर) बसतो. दोन मोठे नट सोडवले की पूर्ण मिक्सर हातात येतो, त्याला खालून आधार द्यायला दुसरा माणूस असलेला बरा. प्रत्येक नटाच्या आत वायसर असतो, पुष्कळदा जाळीसह. गरम बाजूच्या जाळीवर क्षाराचे पापुद्रे साठलेले दिसतात: गीझरच्या कॉइलवरून सुटून आलेले, बोटांत चुरडले की अंड्याच्या कवचासारखे मोडणारे. ‘गरम पाणी बारीक येतं’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच जाळीत सापडतं. जाळी साफ केल्यावर महिन्याभरात परत भरली तर गीझर आतून उघडून साफ करायची वेळ झाली आहे, आणि ते काम गीझरवाल्याचं.

नळ बंद करूनही थेंब पडत असेल तर स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा नळाच्या आतला भाग, बघावा. मुठीवरचं लाल-निळं बटण टूथपिकने उचललं की खाली स्क्रू दिसतो. मूठ काढून, नळ अर्धा उघडा ठेवून, पान्ह्याने स्पिंडल सोडवायचा. पूर्ण फेऱ्यांचा जुना नळ असेल तर टोकाचा रबर वायसर बदलला की काम होतं. पाव किंवा अर्ध्या फेऱ्याचा असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यांत रेतीचा कण अडकला असेल तर सायट्रिकमध्ये दहा मिनिटं ठेवून, धुऊन थेंब थांबतो. चकतीवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर स्पिंडल बदलावाच लागतो. दुकानात जुना स्पिंडल सोबत घेऊन जावं. दात वेगळे असतात, लांबी वेगळी असते, आणि काही मिक्सरमध्ये गरम आणि थंड स्पिंडल उलट्या दिशांना उघडणारे असतात. ओ-रिंगला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायची पद्धत आहे, ती सोडावी, कारण काही रबरं तेलाने फुगतात. सिलिकॉन ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका पुरतो.

डायव्हर्टर शॉवरकडे फिरवल्यावरही खालच्या तोटीतून पाणी पडत राहिलं तर त्याच्या वायसरवर क्षार आहे. तो उघडायची रीत स्पिंडलसारखीच. मिक्सरवर हँड शॉवर असेल तर आणखी एक सवय बघावी: दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या बटणाने बंद करतात. मग मिक्सरच्या आत गरम आणि थंड लाइन जोडलेल्याच राहतात, आणि दाब जास्त असलेल्या बाजूचं पाणी दुसरीकडे ढकललं जातं. बेसिनच्या थंड नळाला अचानक कोमट पाणी यायला लागलं तर आधी हे तपासावं.

हेल्थ फॉसेटचा होज फुटतो तो सहसा रात्री, दाब वाढलेला असताना, आणि बाहेरची स्टीलची वेटोळी शाबूत दिसत असल्यामुळे आतली नळी सडलेली कळत नाही. वापर झाला की अँगल कॉक बंद करणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय. होजच्या दोन्ही टोकांना सपाट वायसर असतात. तिथे टेफ्लॉन लावू नये, वायसर नीट टेकत नाही. हँड शॉवर किंवा फॉसेट भरलेल्या बादलीत बुडवून ठेवू नये. वरचं पाणी गेलं की पाइप रिकामा होताना बादलीतलं साबणाचं पाणी मागे ओढतो.

खाली नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून जातं ते जाळीखालचं भांडं. जाळी आणि आतला कप काढून केस उचलायचे, कप लिक्विडने घासायचा. जाळीभोवतीची गुलाबी बुळबुळ जंतूंची असते, ती ब्रशने घासूनच जाते, नुसत्या पाण्याने नाही. कप परत नीट टेकलेला हवा, नाहीतर ट्रॅपमध्ये पाण्याचा पडदा राहत नाही आणि ड्रेनेजचा वास थेट वर येतो.

हे सगळं किती दिवसांनी करायचं ते पाण्याच्या जडपणावर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. पेनासारखा टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही, तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र दाखवतो. त्यासाठी थेंबांचं टेस्ट किट घ्यावं. 200 च्या आत असेल तर वर्षातून दोनदा हेड धुतलं तरी चालतं. 400 च्या पुढे असेल तर दर दोन महिन्यांनी.

शॉवरला लावायचे छोटे ‘हार्ड वॉटर फिल्टर’ घेण्याआधी एक हिशेब करून बघावा. 400 मिलिग्रॅम जडपणाचं पाणी, घरात चार माणसं, प्रत्येकी 25 लिटर: रोज 40 ग्रॅम क्षार, महिन्याला 1.2 किलो. मुठीएवढ्या काडतुसात एवढा क्षार धरून ठेवायला जागाच नसते. रेती-गंज ते अडवतं, तेवढ्यापुरतं ठीक. पाणी खरोखर मऊ करायचं तर मिठाने रिजनरेट होणारा (परत ताजा होणारा) सॉफ्टनर मुख्य लाइनीवरच लागतो.

घर महिनाभर बंद होतं तर सफाईचं कारण क्षाराच्या पलीकडचं आहे. शॉवर हेडमध्ये पाणी साचून राहतं, आत जंतूंचा पातळ थर धरतो, आणि शॉवर सोडला की ते तुषारांतून थेट श्वासात जातात. 2009 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ शहरांतल्या शॉवर हेडमध्ये फुप्फुसांना त्रास देऊ शकणारे मायकोबॅक्टेरिया नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात साठलेले दाखवले होते. न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जंतूही 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा नियमावलीत शॉवर हेड दर तीन महिन्यांनी उघडून साफ करावं आणि क्वचित वापरले जाणारे नळ दर आठवड्याला वाहू द्यावेत असं सांगितलं आहे. गावाहून आल्यावर हेड काढूनच आधी थंड, मग गीझर 60 अंशांवर तापवून गरम पाणी पाच-पाच मिनिटं बादलीत सोडावं, म्हणजे तुषार उडत नाहीत. खिडकी उघडी ठेवावी. त्या मधल्या वेळात हेड सायट्रिकमध्ये भिजत ठेवता येतं. ट्रॅपमध्येही दोन तांबे पाणी ओतावं, महिन्याभरात तिथलं पाणी उडून गेलेलं असतं.